शेजारच्या ओळीपुरतं

एका साध्या मजकूर-फाइलीत एकाखाली एक चार ओळी आहेत: पुणे, पुणे, नाशिक, पुणे. टर्मिनलवर यू-एन-आय-क्यू ही चार अक्षरं आणि पुढे फाइलीचं नाव टाइप केलं की उत्तर येतं: पुणे, नाशिक, पुणे. लिनक्स नव्याने शिकणारा इथे हमखास अडतो. पुन्हा आलेल्या ओळी गाळणारी कमांड म्हणून जिची ओळख करून दिली, तिने पुणे दोनदा ठेवलं कसं? मग तो मॅन्युअल उघडतो आणि पहिल्या वाचनात निसटलेली अट त्याला दिसते: ‘युनिक’ फक्त लगतच्या सारख्या ओळी गाळते. मध्ये एखादी परकी ओळ आली, की अलीकडच्या आणि पलीकडच्या पुण्याचा तिच्या लेखी काही संबंध उरत नाही.

ही कमांड १९७३ पासून अशीच वागते आहे. दरम्यान याच कामासाठी कितीतरी साधनं आली. ओळी क्रमाने लावणाऱ्या सॉर्ट कमांडला एक जादा पर्याय मिळाला, ऑक या मजकूर हाताळणाऱ्या छोट्या भाषेतली एका ओळीची युक्ती सर्वतोमुखी झाली, डेटाबेसना ‘डिस्टिंक्ट’ मिळाला, २००७ च्या एक्सेलमध्ये तर त्यासाठी चक्क बटण आलं. यातली काही युनिकपेक्षा सोपी आहेत, काही कितीतरी ताकदवान. पण ‘सारखं’ कशाला म्हणायचं आणि कोणाच्या तुलनेत, हा प्रश्न युनिकने पहिल्या दिवसापासून वापरणाऱ्याच्या गळ्यात टाकला होता, आणि तो नंतरच्या साधनांनीही सोडवलेला नाही. माझ्या मते बऱ्याच जणांनी तो नुसता दृष्टीआड केला.

युनिक आली ती युनिक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत. एका कमांडचं उत्तर थेट पुढच्या कमांडला पुरवणारा ‘पाइप’ही त्याच आवृत्तीतला. प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत, असं टिपण बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुरुवातीला एका रात्रीत ते करून दाखवलं. त्या वेळचं यंत्र होतं पीडीपी-११. सोळा बिटांच्या पत्त्यांमुळे प्रोग्रॅमला एका वेळी ६४ किलोबाइटांपलीकडे पाहता येत नसे. आज मोबाइलवरच्या एका फोटोलाही ती जागा पुरणार नाही.

अशा यंत्रावर ‘आजवर पाहिलेल्या सगळ्या ओळी लक्षात ठेव’ असं प्रोग्रॅमला सांगणं म्हणजे त्याला पहिल्या मोठ्या फाइलीतच आडवं पाडणं. युनिकला दोनच ओळी लक्षात ठेवाव्या लागतात, आत्ताची आणि तिच्या आधीची. दोन्ही सारख्या असतील तर आत्ताची टाकायची. नसतील तर ती छापायची आणि आता तिलाच ‘आधीची’ म्हणायचं. फाइल शंभर ओळींची असो की शंभर कोटी ओळींची, मेमरी तेवढीच लागते.

उरलेलं काम, म्हणजे सारख्या ओळी एकमेकींशेजारी आणून बसवणं, सॉर्टचं. मेमरीत न मावणारी फाइल सॉर्ट तुकड्यातुकड्यांनी लावते, ते तुकडे डिस्कवर तात्पुरत्या फाइलींत ठेवते आणि शेवटी एकत्र विणते. ही खटपट एकदा एका प्रोग्रॅममध्ये नीट झाली की दुसऱ्यात ती पुन्हा लिहायची काय गरज? युनिकला फाइलभरचं आठवायला लावलं असतं, तर सॉर्टचा अर्धा संसार तिच्यातही मांडावा लागला असता. म्हणून ‘सॉर्ट, पाइप, युनिक’ ही जोडी पडली, आणि टर्मिनलवर काम करणाऱ्यांच्या बोटांना ती इतकी सवयीची झाली की बरेच जण गरज नसतानाही ती टाइप करतात.

या जोडीचं पहिलं मोठं काम म्हणजे शुद्धलेखन तपासणी. स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७५ मध्ये स्पेलिंग तपासण्याची जी पहिली आवृत्ती जुळवली, ती जवळजवळ सगळी हाताशी असलेल्या कमांड जोडूनच: मजकुराचे शब्द सुटे करायचे, क्रमाने लावायचे, प्रत्येकाची एकच प्रत ठेवायची आणि शब्दकोशाच्या यादीत नसलेले वेगळे काढायचे. ब्रायन कर्निघन यांनी १९८२ च्या एटी अँड टीच्या माहितीपटात कॅमेऱ्यासमोर हीच साखळी टाइप करून दाखवली आहे. तो माहितीपट आजही विद्यार्थ्यांना दाखवतात, आणि दाखवावाच. पाइप म्हणजे काय हे त्याहून सोपं करून सांगणं कठीण आहे.

पण युनिकला खरं नाव मिळालं १९८६ मध्ये. जॉन बेंटली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात सदर लिहीत. त्यांनी डोनाल्ड क्नुथ यांना एक काम दिलं: मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले अमुक इतके शब्द, किती वेळा आले त्या आकड्यांसह, छापणारा प्रोग्रॅम लिहा; आणि तो तुमच्या ‘साहित्यिक प्रोग्रॅमिंग’च्या पद्धतीने, म्हणजे माणसाने वाचायचा निबंध असावा तसा लिहा. क्नुथ यांनी पास्कलमध्ये एक देखणी रचना उभी केली आणि शब्द साठवण्यासाठी खास मांडणी घडवली. सदराची बरीच पानं तिला लागली. परीक्षण लिहायला बेंटलींनी मॅकिलरॉय यांना सांगितलं. त्यांनी क्नुथच्या कारागिरीचं कौतुक केलं आणि तेच काम सहा कमांडांच्या साखळीत करून दाखवलं. पहिली कमांड अक्षर नसलेल्या प्रत्येक चिन्हाजागी नवी ओळ घालते, दुसरी मोठी अक्षरं लहान करते, तिसरी सॉर्ट, चौथी युनिक मोजणीच्या पर्यायासह, पाचवी आकड्यांनुसार उतरत्या क्रमाने पुन्हा सॉर्ट, आणि सहावी हव्या तितक्या ओळी छापून थांबते.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण क्नुथ हरले आणि मॅकिलरॉय जिंकले, असा निकाल देऊन मोकळे होतात. तो अन्यायच. क्नुथना मागितलं होतं ते एका लेखनपद्धतीचं प्रात्यक्षिक. आयत्या कमांड ओवण्याचा पर्याय त्या परीक्षेतच नव्हता. मला या साखळीत वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिला एखाद्या मराठी कादंबरीचा मजकूर देऊन पाहा. पहिल्या पायरीत ‘अक्षर’ म्हणून फक्त इंग्रजी वर्णमाला लिहिलेली आहे. त्यामुळे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ‘अक्षर नव्हे’ ठरून गळून पडतं आणि हाती जवळजवळ रिकामी यादी येते. मराठीसाठी ती पायरी मुळापासून नव्याने लिहावी लागते: मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं पाहून शब्द तोडायचे, पण मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त यांना हात लावायचा नाही. दुसरी पायरी तर सरळ काढून टाकता येते, कारण देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीतच. पुढच्या चार कमांड मात्र जशाच्या तशा चालतात. भाषेचं सगळं ओझं पहिल्या दोन पायऱ्यांवर होतं. सॉर्ट आणि युनिकला भाषा कळावी लागत नाही, आणि म्हणूनच त्या कुठल्याही भाषेला चालतात.

मोजणीचा हा पर्याय, ‘-सी’, माझ्या मते युनिकच्या दीर्घायुष्याचं खरं कारण आहे. नुसत्या प्रती काढायच्या तर इतर साधनं भरपूर आहेत. पण कोणती ओळ किती वेळा आली, हे एवढ्या कमी टायपिंगमध्ये सांगणारं दुसरं काही चटकन आठवत नाही. सर्व्हरच्या लॉगमधून आयपी पत्त्यांचा रकाना काढायचा, सॉर्ट, युनिक -सी, पुन्हा उलट सॉर्ट, आणि वरच्या दहा ओळी पाहायच्या. सर्व्हर अचानक रेंगाळला की प्रशासक पहिल्यांदा हेच करतो. एकाच पत्त्यावरून लाखभर विनंत्या आल्या असतील, तर तो पत्ता यादीच्या डोक्यावर येऊन बसतो. वेगळा डेटाबेस नको, तक्ते बनवणारं सॉफ्टवेअर नको.

इतर पर्यायांपैकी ‘-डी’ एकाहून जास्त वेळा आलेल्या ओळींची एकेक प्रत देतो, आणि लिनक्सवर सहसा असणाऱ्या जीएनयूच्या आवृत्तीतला मोठा ‘-डी’ त्यांच्या सगळ्या प्रती. ‘-यू’वर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे अनुभवी माणसंही फसतात. ‘सॉर्ट -यू’ म्हणजे प्रत्येक वेगळ्या ओळीची एक प्रत. ‘युनिक -यू’ म्हणजे ज्या ओळीला जोडीदार नाहीच, फक्त ती. पुणे, पुणे, नाशिक या यादीवर पहिली दोन्ही गावं देईल. दुसरी फक्त नाशिक देईल आणि पुणे पूर्णपणे गायब करेल. एकाच अक्षराचे असे दोन अर्थ शेजारशेजारच्या कमांडमध्ये ठेवणं ही युनिक्सची जुनी खोड आहे, आणि तिचं समर्थन करायच्या भानगडीत मी पडणार नाही. पण ‘युनिक -यू’ निरुपयोगी आहे असं नाही. दोन याद्या जोडून सॉर्ट करा आणि तिच्यातून काढा: ज्या ओळी एकाच यादीत आहेत, त्या हाती येतात. अट इतकीच, की प्रत्येक यादी स्वतःपुरती आधीच स्वच्छ हवी.

दुसरा सापळा याहून वाईट आहे. कॅट, ग्रेप, सॉर्ट यांना दोन फाइली दिल्या तर त्या दोन्ही वाचतात. युनिकला दोन नावं दिली तर ती पहिली फाइल वाचते आणि उत्तर दुसऱ्या फाइलीत लिहिते. दुसऱ्या फाइलीत आधी जे असेल ते न विचारता पुसलं जातं. ‘दोन याद्यांतल्या मिळून पुनरावृत्ती काढू’ अशा भाबड्या हेतूने कोणी एवढंच टाइप केलं की दुसरी यादी गेलीच. हे प्रमाणित वर्तन आहे, बिघाड नव्हे, त्यामुळे सुधारणार कोणी नाही. युनिकला फाइलीचं नाव कधीच द्यायचं नाही, नेहमी पाइपमधूनच खाऊ घालायचं, ही सवय त्यावरचा साधा इलाज.

आता स्पर्धकांकडे. ‘सॉर्ट -यू’ने युनिकचं निम्मं काम घेतलं हे मान्य करायलाच हवं. क्रम बदलला तरी चालणार असेल आणि मोजणी नको असेल, तर ‘सॉर्ट, पाइप, युनिक’ लिहिण्यात आता काही अर्थ नाही. शिवाय सॉर्टला ‘फक्त दुसऱ्या रकान्यावरून सारखेपणा ठरव’ असं सांगता येतं. युनिकला सुरुवातीचे रकाने किंवा अक्षरं सोडून द्यायला सांगता येतं. पण मधलाच एखादा रकाना पाहा किंवा शेवटचा सोड, हे तिला सांगायची सोय नाही. जीएनयूने ‘-डब्ल्यू’ दिला, म्हणजे सुरुवातीची अमुक अक्षरंच तपास. त्यातून एक सुंदर उपयोग निघाला. डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची एमडी-५ बेरीज काढायची, सॉर्ट करायचं आणि पहिल्या ३२ अक्षरांपुरता सारखेपणा बघून सगळ्या प्रती दाखवायला सांगायच्या. वेगवेगळ्या नावांनी पडून असलेल्या एकाच फोटोच्या चार प्रती एकाखाली एक उभ्या राहतात.

ऑकची युक्ती वेगळ्या जातीची. प्रत्येक ओळ तिच्या स्मरण-तक्त्यात टाकायची, आणि तक्त्यात पहिल्यांदाच येत असेल तरच छापायची. सगळा प्रोग्रॅम दहा-बारा चिन्हांचा. मूळ क्रम टिकतो, सॉर्ट लागत नाही, दूरच्या प्रतीही पकडल्या जातात. आज यंत्रांत मेमरी भरपूर असल्यामुळे बहुतेकांना हवं असतं ते नेमकं हेच. किंमत एवढीच, की जितक्या वेगळ्या ओळी तितकी मेमरी. काही कोटी वेगळ्या ओळींची फाइल दिली की साधा लॅपटॉप धापा टाकू लागतो. सॉर्ट अशा वेळी सावकाश का होईना, डिस्कच्या आधाराने काम तडीला नेते.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांत या मुद्द्यावर सरळ दोन तट पडलेले दिसतात. रूबीतलं याच नावाचं फंक्शन यादीभरातल्या सगळ्या प्रती काढतं. सी प्लस प्लसमधलं ‘युनिक’ आणि रस्टमधलं ‘डीडप’ फक्त लगतच्या. पायथनच्या ‘ग्रुपबाय’चं वर्णन खुद्द त्याच्या दस्तऐवजात युनिक्सच्या युनिकसारखं असं केलेलं आहे, आणि तेही लगतचेच गट करतं. पॉवरशेलमधलं ‘गेट-युनिक’ लगतचं पाहतं, ‘सॉर्ट-ऑब्जेक्ट’चा युनिक पर्याय सगळीकडचं, शिवाय पहिलं मोठ्या-लहान अक्षरांत फरक करतं, दुसरं आपण होऊन करत नाही. एकातून दुसऱ्या भाषेत जाणाऱ्याने नावावर भरवसा ठेवला तर त्याचा घात ठरलेला.

मात्र ‘लगतचं’ ही फक्त अपुऱ्या मेमरीची तडजोड होती आणि आता ती गैरलागू झाली, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुष्कळ ठिकाणी लगतचं हेच बरोबर उत्तर असतं. पाण्याच्या पंपाची स्थिती दर मिनिटाला नोंदली जाते असं समजा: चालू, चालू, चालू, बंद, बंद, चालू. युनिक देईल चालू, बंद, चालू, म्हणजे काय घडलं त्याची अचूक गोष्ट. ऑकची युक्ती देईल चालू, बंद, आणि पंप पुन्हा सुरू झाला ही बातमीच नाहीशी होईल. युनिक्सच्या जुन्या सिस्टिम-लॉगमध्ये ‘आधीचा संदेश इतक्या वेळा आला’ अशी ओळ दिसते, तीही लगतच्याच पुनरावृत्तीची. बॅश शेलच्या इतिहासात तर दोन्ही पर्याय शेजारी ठेवलेले आहेत: एक लगतची तीच कमांड पुन्हा नोंदत नाही, दुसरा आधीची प्रत कुठेही असली तरी पुसतो. दुसरा चालू केला की आपण कोणत्या क्रमाने काय केलं, हा मागही पुसला जातो. मी तो बंदच ठेवतो.

शिवाय काही मजकूर संपतच नाही. चालू लॉग सतत वाहत असतो. सॉर्टला शेवटची ओळ दिसेपर्यंत एक अक्षरही छापता येत नाही, त्यामुळे अशा प्रवाहावर ती कायमची मूग गिळून बसते. ऑक छापत राहते, पण तिचा तक्ता फुगत जातो. युनिक दोन ओळींच्या भांडवलावर वर्षभर चालू शकते. मोजणी मागितली तर तिलाही गट संपेपर्यंत थांबावं लागतं, हे ओघानेच आलं.

आता जो भाग मराठी माणसाला सर्वांत जास्त छळतो, तिकडे वळू. युनिकसाठी दोन ओळी सारख्या म्हणजे बाइटला बाइट सारख्या. ओळीच्या शेवटी एक अदृश्य मोकळी जागा असली तरी ओळ वेगळी. विंडोजवर बनलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह असतं. अशी फाइल लिनक्सवरच्या फाइलीला जोडली की डोळ्यांना जुळ्या दिसणाऱ्या ओळी युनिकला परक्या वाटतात. हे सगळ्या भाषांत होतं. देवनागरीत त्यावर आणखी कडी आहे.

‘ॲप’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं. तोवर लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्राची मात्रा देत, आणि कित्येक कीबोर्ड आजही तेच करतात. काही जण हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरतात. पहिली दोन रूपं पडद्यावर एकसारखी दिसतात, पण आतली चिन्हं वेगळी. किंवा ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र घ्या. तो ‘ऱ’ या अक्षराला हलन्त जोडून लिहिता येतो, ‘र’, नुक्ता आणि हलन्त असा लिहिता येतो, आणि ‘र’, हलन्त व त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. छापल्यावर तिन्ही तेच दिसतात. युनिक मात्र एका ‘दऱ्या’च्या तीन ओळी देते.

यावर ‘युनिकोड नॉर्मलायझेशन’ हा उपाय नेहमी सुचवला जातो. तो अर्धाच आहे. ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ ही दोन रूपं प्रमाणानुसार समतुल्य आहेत, त्यामुळे ती एक होतात. पण अदृश्य जोडचिन्हाचं रूप तसंच उरतं. ‘ॲ’ आणि ‘अ अधिक चंद्र’ यांनाही युनिकोड समतुल्य मानत नाही. म्हणजे मराठी शब्दयादीतल्या प्रती खऱ्या अर्थाने काढायच्या तर आपल्या भाषेपुरता बदलांचा छोटा तक्ता स्वतः बनवावा लागतो आणि युनिकच्या आधी मजकूर त्यातून गाळून घ्यावा लागतो. हे काम कुठल्याही कमांडमध्ये आयतं नाही आणि ते युनिकमध्ये घालावं असंही मला वाटत नाही. संस्कृत पोथीच्या संपादकाला कदाचित हेच फरक राखून ठेवायचे असतील.

त्यात भर म्हणजे यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. अक्षरं मोजणारे युनिकचे पर्याय बऱ्याच जुन्या आवृत्त्यांत प्रत्यक्षात बाइटच मोजतात. ‘पहिली दहा अक्षरं पाहा’ म्हटलं की ती तीन चिन्हं आणि चौथ्याचा एक तुकडा पाहते. ‘नाशिक’ लिहायलाच पाच चिन्हं लागतात, तेव्हा दहा बाइटांत तो शब्दही मावत नाही.

स्थानिक भाषेच्या सेटिंगचाही एक जुना घोळ आहे. जीएनयूच्या पूर्वीच्या आवृत्त्या दोन ओळी सारख्या आहेत का, हे भाषेच्या वर्णक्रमाच्या नियमांना विचारून ठरवत. ज्या लिपींच्या चिन्हांना त्या नियमांत वजनच दिलेलं नव्हतं, त्यांच्यातल्या पूर्ण वेगळ्या ओळी ‘सारख्या’ ठरून गायब होऊ शकत. २०१८ मध्ये जी-लिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीने वर्णक्रमाचे तक्ते नव्याने घेतले, आणि युनिकही पुढे सरळ बाइटांची तुलना करू लागली. मधल्या काळात जाणती माणसं अशा साखळीआधी भाषेचं सेटिंग ‘सी’ करून ठेवत, आणि अजूनही ठेवतात, कारण त्याने सॉर्ट वेगवानही होते. मग ओळी शुद्ध मराठी क्रमाने लागत नाहीत: ‘ळ’ ‘ह’च्या पुढे जाण्याऐवजी ‘ल’ला चिकटून बसतो. पण सारख्या ओळी शेजारी आणण्यापुरता कोणताही एकच एक ठाम क्रम पुरतो. शब्दकोश छापायचा असेल तेव्हा मराठी क्रमाची काळजी करावी.

डोळ्यांना सारखं आणि यंत्राला वेगळं, याची उलट बाजूही आहे. २०२५ च्या अखेरीस स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांआधी ‘दुबार मतदार’ हा शब्द महाराष्ट्रात रोज कानावर पडत होता, आणि संभाव्य दुबार नावांपुढे यादीत दोन तारे देण्याचं राज्य निवडणूक आयोगाने ठरवलं. त्यातला ‘संभाव्य’ महत्त्वाचा. एकाच नावाची, एकाच वडिलांच्या नावाची दोन खरी माणसं असू शकतात. आणि एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने दोन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं. पहिल्या बाबतीत युनिक जास्त कापेल, दुसऱ्या बाबतीत काहीच कापणार नाही. इथे यंत्राने संशयितांची यादी द्यायची आणि माणसाने दारात जाऊन खात्री करायची, याला पर्याय नाही.

मजकुराचा ढीग फारच मोठा झाला की प्रश्नाचं रूपच पालटतं. बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये सुचवलेली गाळणी ओळ साठवतच नाही, तिचे ठसे बिटांच्या पट्टीत उमटवते. नोंदीमागे साधारण दहा बिटांत ती ‘ही ओळ आधी आली आहे का’ याचं उत्तर देते. ‘नाही’ म्हणाली तर ते पक्कं. ‘हो’ म्हणाली तर शंभरात सुमारे एकदा चूक. वेगळ्या ओळी किती, एवढंच हवं असेल तर फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांची २००७ ची ‘हायपरलॉगलॉग’ पद्धत आहे. रेडिस या डेटाबेसमध्ये ती १२ किलोबाइटांत काम भागवते, आणि तिची प्रमाणित त्रुटी ०.८१ टक्के असते. रेडिसमधल्या त्या कमांडची नावं फ्लाजोलेंच्या आद्याक्षरांनी सुरू होतात. आणि ओळी हुबेहूब नव्हे, साधारण सारख्या शोधायच्या असतील, तर अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रासाठी आंद्रे ब्रोडर यांनी १९९७ मध्ये मांडलेली ‘मिनहॅश’ पद्धत वापरतात.

या तिसऱ्या पद्धतीला सध्या फार मागणी आहे, कारण भाषा-मॉडेलं शिकवायला लागणारा वेबवरचा मजकूर पुनरावृत्तीने बरबटलेला असतो. सी-फोर या प्रसिद्ध इंग्रजी संग्रहात ६१ शब्दांचं एकच वाक्य ६०,००० हून जास्त वेळा आल्याचं संशोधकांना आढळलं. मराठी बातम्यांच्या पानांवर मध्येमध्ये येणारी ‘हेही वाचा’ ही ओळ याच जातीची. ती गेलीच पाहिजे. पण ओळींचा असा सरसकट झाडू फिरवला की अभंगाचं ध्रुवपद पहिल्यांदा येतं तेवढंच उरतं, आणि नाटकाच्या संहितेतला दुसरा-तिसरा ‘बरं’ नाहीसा होतो. मराठीसारख्या भाषेत मुळात मजकूर थोडा, त्यात ही छाटणी कोणत्या पातळीवर करायची, ओळीच्या, परिच्छेदाच्या की पूर्ण पानाच्या, हे ठरवणाऱ्याने संग्रहातली काही पानं स्वतः वाचलेली असावीत अशी माझी माफक अपेक्षा आहे. पानाच्या पातळीवर आधी, आणि ओळीच्या पातळीवर फक्त हजारो पानांवर आलेल्या ओळींपुरतं, असा माझा कल.

खुद्द युनिकचं सध्या काय चाललं आहे? जीएनयूची प्रचलित आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन आणि डेव्हिड मॅकेंझी यांच्या नावावर आहे. उबंटूच्या २५.१० या आवृत्तीत या मूलभूत कमांडच्या जागी रस्टमध्ये नव्याने लिहिलेला संच आला आहे, आणि जीएनयूपेक्षा वेगळं वागणं त्या संचात बिघाड मानला जातो. ते योग्यच. जीएनयूची युनिक मोजणीचा आकडा सात घरांत उजवीकडे सरकवून छापते, बीएसडीची चार घरांत, आणि प्रमाण तर फक्त आकडा व एक जागा एवढंच मागतं. या फरकावर कुठल्यातरी कार्यालयातल्या जुन्या स्क्रिप्टचा रकाना कापणं अवलंबून आहे. नव्याने लिहिणाऱ्याला त्या मोकळ्या जागाही मोजून तितक्याच ठेवाव्या लागतात.